कुरडई किती वेळात वाळते?

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, अकोल्याच्या सपाटीवरून वाशिमच्या पठाराकडे चढत जाणाऱ्या लोहमार्गावर जऊळका हे स्थानक आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागातल्या कुठल्याही गावात सकाळी फेरफटका मारला, तर घरोघरच्या गच्च्या आणि अंगणं वाळवणानं भरलेली दिसतात. गहू भिजवून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि जुन्या लुगड्यावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर गोल गोल कुरड्या घालायच्या. वऱ्हाडात त्यांना कुरोड्या म्हणतात. शेजारीच मुंगवड्या, पापड, शेवया. हे सगळं उन्हं डोक्यावर यायच्या आत उरकायचं, कारण नंतर गच्चीवर पाय टेकवत नाही. संध्याकाळपर्यंत कुरडई वरून कडक होते. दुसऱ्या दिवशी ती उलटवली, की तिसऱ्या प्रहरी बोटांनी दाबली तर मोडते. मग ती डब्यात जाते आणि वर्षभर टिकते.

तोच चीक, तोच सोऱ्या आणि त्याच हाताची बाई मुंबईत आणली, तर मे महिन्यात हेच काम कितीतरी अधिक दिवस चालतं. ऊन कमी नसतं, तरी कुरडईच्या पोटातला ओलसरपणा हटत नाही. वाळली म्हणून भरून ठेवलेली आठवड्याभरात सादळते. मुंबईकर गृहिणी पापडाच्या डब्याला दुहेरी झाकण लावते, मिठात तांदळाचे दाणे टाकते, बिस्किटाचा पुडा फोडला की लगेच संपवते. या साऱ्या सवयी हवेतल्या पाण्याच्या धाकानं लागलेल्या आहेत.

मुंबईचा उन्हाळा समजून घ्यायचा असेल, तर तापमापकाआधी या कुरडईकडे पाहावं. किनाऱ्यावरच्या शहरात ऊन किती तापलं यापेक्षा ओली वस्तू किती वेळात वाळते हे जास्त महत्त्वाचं ठरतं. कारण माणसाचं शरीरही मे महिन्यात दिवसभर वाळवणासारखंच असतं. त्याला घाम फुटतो आणि तो वाळला तरच जीव थंड राहतो.

आकडे वरवर पाहिले तर मुंबई सुखाची वाटते. सांताक्रूझच्या वेधशाळेत मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंश सेल्सिअस असतं. जऊळक्याच्या उत्तरेला असलेल्या अकोल्यात तेच ४२-४३ अंशांच्या घरात असतं आणि लाटेच्या दिवसांत त्याहून वर जातं. नऊ अंशांचा हा फरक फार मोठा आहे. म्हणून वऱ्हाडातला माणूस मुलाकडे किंवा नोकरीच्या शोधात मुंबईला निघतो तेव्हा उन्हाळ्याची धास्ती घेत नाही. नवतप्याचं कडक ऊन सोसलेल्याला चौतीस अंशांचं काय! पण दादर किंवा कुर्ल्याला उतरून तासाभरात सदरा पाठीला चिकटतो, मानेवरून ओघळ लागतात, पंख्याखाली बसूनही ते थांबत नाहीत आणि चार दिवसांत अंगावर घामोळं उठतं. गावाकडं इतका घाम कधी आला नव्हता, असं त्याला वाटतं. खरं तर गावाकडं घाम याहून जास्तच येत होता. तो कातडीवर दिसायच्या आत उडून जात होता, एवढंच.

हे मोजायची रीत जुनी आणि सोपी आहे. वेधशाळेच्या आवारात जाळीदार फटींची एक पांढरी लाकडी पेटी उभी असते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहं बांधणारे अभियंते होते. ही पेटी त्यांनी योजली आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एकाचा फुगा कोरडा असतो, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलचं ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. फडक्यातलं पाणी उडून जाताना फुग्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक नेहमी कमी दाखवतो. हवा कोरडी असली तर दोन्हींतलं अंतर वाढतं आणि दमट असली तर घटतं. ओल्या फुग्याचं हे तापमान म्हणजे त्या हवेत पाणी उडवून जास्तीत जास्त किती गारवा मिळवता येईल, त्याची सीमा.

आता जऊळक्याचा एक कडक दिवस धरू: तापमान ४३ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. ओल्या फुग्याचं तापमान येतं २२ ते २३ अंश. मुंबईचा मे महिन्यातला नेहमीचा दिवस धरू: ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओला फुगा दाखवतो २८ ते २९ अंश. कोरड्या तापमापकावर मुंबई नऊ अंशांनी थंड होती, ओल्या तापमापकावर ती सहा अंशांनी गरम निघाली.

हवेतलं पाणी वजनात मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मुंबईच्या त्या दिवशी एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. जऊळक्याच्या दिवशी ती जेमतेम ९ ग्रॅम असते. त्यातही जऊळक्याची तापलेली हवा तेवढ्याच जागेत जवळजवळ ६० ग्रॅम वाफ सामावू शकते. ती इतकी तहानलेली असते, की माठाची भिंत, ओलं धोतर, कुरडई, माणसाची कातडी, जिथं ओल सापडेल तिथून ती पाणी ओढते. मुंबईच्या हवेची तहान आधीच बरीचशी भागलेली असते.

एक लिटर घाम कातडीवरून पूर्णपणे उडाला, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात तासाला ऐंशी-नव्वद किलोकॅलरी उष्णता तयार होते. पाटी वाहणारा, हातगाडी ओढणारा, भट्टीपुढे उभा असलेला माणूस याच्या चार-पाच पट उष्णता निर्माण करतो. म्हणजे कष्टकऱ्याला तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम नुसता गाळून भागत नाही. तो उडायला हवा. हनुवटीवरून जमिनीवर टपकलेला थेंब वाया गेला. त्यानं शरीरातलं पाणी आणि मीठ नेलं, पण उष्णता मागेच ठेवली. मुंबईत अंगावरून वाहणारा घाम दिसतो, तो या अर्थानं फुकट गेलेला घाम आहे.

ही वाफ येते कुठून, याचं उत्तर शहराच्या तीन बाजूंना पसरलेलं आहे. मे महिन्यात अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. सूर्य तर थेट माथ्यावर असतो. मुंबईत १५ मेच्या सुमारास दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जऊळका थोडं उत्तरेला असल्यानं तिथं हा दिवस थोडा उशिरा येतो. सूर्याचा मारा दोन्हीकडं सारखाच. पण जमीन वरच्यावर झटपट तापते, समुद्र मात्र तीच उष्णता खोलवर मुरवतो आणि पुष्कळशी पाणी उडवण्यात खर्च करतो. त्यामुळं जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात दुपारी तफावत पडते, जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत शिरतो. शाळेच्या भूगोलात हे खारे वारे आणि रात्री उलट वाहणारे मतलई वारे सगळ्यांनीच पाठ केलेले असतात.

मुंबईच्या दुपारचं सारं गणित या खाऱ्या वाऱ्याच्या वेळेवर बसलेलं आहे. तो अकराच्या सुमारास आला, तर पारा तेहेतीस-चौतिसाच्या पुढं सरकत नाही. त्याला दुपारचा एक-दीड वाजला, तर तेवढ्या दोन तासांत शहर तापून निघतं. आणि ज्या दिवशी पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येणारे वारे जोरात असतात आणि समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतात, त्या दिवशी मुंबईत चाळीस अंशांचा आकडा दिसतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं. हे विक्रम मार्च-एप्रिलमधले आहेत, मेमधले नाहीत, याकडं लक्ष द्यावं. मेपर्यंत समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यांनी शहराचा ताबा घेतलेला असतो. मार्चमध्ये पूर्वेचे वारे अजून जोर धरून असतात. दख्खनच्या पठारावर तापलेली ती कोरडी हवा सह्याद्री उतरताना दाबली जाऊन आणखी गरम होते. त्या एक-दोन दिवसांत जऊळक्याचाच उन्हाळा मुंबईत येऊन पोहोचतो, असं म्हणायला हरकत नाही.

कोरड्या हवेतून दमट हवेत शिरताना होणारा बदल अनुभवायचा असेल, तर रेल्वेचा प्रवास करावा. जऊळक्याहून अकोला आणि तिथून रात्रीची मुंबईची गाडी. भुसावळ, मनमाड, नाशिक रोडपर्यंत खिडकीतून येणारा वारा कोरडा असतो. पहाटे इगतपुरीला तो सुखद गार लागतो. मग गाडी थळघाटातून कसाऱ्याकडं उतरायला लागते आणि अर्ध्या-पाऊण तासात हवा जड होते. हाताला खिडकीचा गज चिकट लागतो. कल्याण येईस्तोवर मानेला रुमाल लावावा लागतो. समुद्र अजून दिसलेलाही नसतो, पण त्याची वाफ सह्याद्रीच्या भिंतीपर्यंत साऱ्या कोकणपट्टीत कोंडलेली असते.

दिवसापेक्षा रात्रीचा फरक अधिक छळतो. विदर्भात कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता रात्री आकाशात निसटून जाते. दुपारच्या कमाल आणि पहाटेच्या किमान तापमानात पंधरा अंशांचं अंतर पडतं. म्हणून तिथं गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण टाकलं, की उत्तररात्री अंगावर चादर ओढावीशी वाटते. मुंबईत मे महिन्यातलं किमान तापमान २७ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे दिवस-रात्रीत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक. हवेतली वाफ जमिनीची उष्णता धरून ठेवते आणि सिमेंट-डांबर दिवसभर साठवलेली ऊब रात्रभर सोडत राहतं. ज्याचं घर पत्र्याचं आहे, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात आणि खिडकी समोरच्या भिंतीत उघडते, त्याच्या शरीराला चोवीस तासांत विसावा मिळत नाही. मुंबईचा उन्हाळा सर्वांना सारखा नाही. समुद्राकडं तोंड असलेल्या घरातला मे आणि गोवंडीतल्या पत्र्याखालचा मे हे दोन वेगळे ऋतू आहेत.

विदर्भातल्या घराघरात घोंघावणारा कूलर मुंबईत का दिसत नाही, याचंही उत्तर त्या ओल्या फडक्यात आहे. कूलर म्हणजे मोठं ओलं फडकंच. गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडायचं आणि त्यातून हवा ओढायची. त्याच्या तोंडातून येणारी हवा ओल्या फुग्याच्या तापमानापेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. जऊळक्यात त्रेचाळीस अंशांची हवा पंचवीस-सव्वीस अंशांची होऊन खोलीत येते. मुंबईत चौतीस अंशांची हवा फार तर तिशीच्या आसपास उतरते, तीही आणखी ओली होऊन. माठाचं तेच. वाळ्याच्या पडद्याचं तेच. बिचाऱ्या माठाचा यात दोष नाही. त्याला झिरपवलेलं पाणी घेणारी हवा लागते.

म्हणून दोन उन्हाळ्यांची शिस्तही वेगळी असायला हवी. वऱ्हाडात माणूस बाहेर पडताना डोकं, कान, तोंड दुपट्ट्यानं घट्ट बांधतो. हे शास्त्राला धरून आहे. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्रेचाळीस अंशांची असली तर वाऱ्याची प्रत्येक झुळूक शरीरात उष्णता ओतते. तिथं झळ अडवणं आणि पाणी पीत राहणं याला पर्याय नाही. घाम दिसत नसल्यामुळं शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही, आणि ऊन लागून माणसं दगावतात ती बहुधा अशीच. कोरडा उन्हाळा सौम्य असतो, असा अर्थ यातून कोणीही काढू नये. मुंबईत हवा कातडीपेक्षा किंचित थंड असते, म्हणून तिथं वाऱ्याला अंग मोकळं करणं, सुती सैल कपडे घालणं आणि सावलीत हवेशीर बसणं उपयोगी पडतं. पंखा मुंबईत खरा मदतनीस आहे. चाळीस अंशांच्या पुढं तोच पंखा भट्टीच्या भात्यासारखा वागू लागतो.

दमट उष्णतेला कमी लेखलं तर काय होतं, हे महाराष्ट्रानं १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिलं. नवी मुंबईतल्या खारघर इथं महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. राज्यभरातून लाखो माणसं आली होती आणि सकाळपासून उन्हात बसून होती. त्या दिवशी परिसरातलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. अकोला-वाशिमच्या माणसाला हा आकडा साधा वाटेल. उष्माघातानं १४ जण दगावले. डोक्यावर छप्पर नाही, गर्दीमुळं वारा अडलेला आणि हवेत समुद्राची वाफ, अशा स्थितीत अडतीस अंश पुरेसे ठरले. खारघरची ती दुपार प्रत्येक आयोजकानं कायम ध्यानात ठेवावी.

भारतीय हवामानशास्त्र विभाग हा भेद ओळखतो. मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. त्याच्या जोडीला तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढलेलं असावं लागतं. मुंबईचे बरेचसे त्रासदायक दिवस या चाळणीत अडकतच नाहीत. पस्तीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असलेली दुपार लाट म्हणून नोंदली जात नाही, तरी बांधकामावरच्या मजुराला ती पुरती थकवते.

शरीराची सहनशक्ती कुठं संपते, याचाही अभ्यास झाला आहे. ओल्या फुग्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पीत बसलेला निरोगी माणूसही काही तासांत वाचणार नाही, असं २०१० मध्ये एका शोधनिबंधात मांडलं गेलं. पुढं अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठानं तरुण, धडधाकट स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष चाचण्या केल्या. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दमट हवेत ही सीमा त्याहून बरीच खाली, ३१ अंशांच्या आसपासच, येते. त्या पलीकडं शरीर आपलं तापमान स्थिर राखू शकत नाही. मुंबईचा नेहमीचा मे २८-२९ वर उभा आहे. मधलं अंतर किती थोडं आहे, ते यावरून दिसतं.

समुद्र तापतो आहे, ही म्हणूनच मुंबईच्या अंगणातली बातमी आहे. हवा एका अंशानं तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ अरबी समुद्राच्या वाढत्या तापमानाविषयी अनेक वर्षं सांगत आले आहेत. १७ मे २०२१ रोजी 'ताउते' हे चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि एरवी कोरडा जाणाऱ्या मे महिन्यात शहरात एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. २०२५ मध्ये मोसमी पावसानं २६ मे रोजीच मुंबई गाठली. त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे.

पावसाची तारीख अशी अलीकडं सरकली, की ते कोळीवाड्यांना सगळ्यात आधी जाणवतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगून सुकवतात. ते सुकतात ते ऊन, मीठ आणि वारा यांच्या जोरावर; दमट हवेत वेळ लागतोच, म्हणून कोळणी त्यासाठी कोरड्या महिन्यांवर भिस्त ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांची सुकी मासळी मे संपण्याआधी तयार व्हावी लागते. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस आला तर वलांडीवरचा माल भिजतो, त्यात किडे पडतात आणि हंगामाची कमाई जाते. जऊळक्याच्या गच्चीवरची कुरडई आणि वर्सोव्याचा बोंबील यांची काळजी एकच आहे: आज हवा पाणी घेईल का?

मुंबईत हवेची ही ओल मोजायची परंपरा मोठी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली, भारतीय हवामानशास्त्र विभाग १८७५ मध्ये. पेटीतल्या ओल्या तापमापकाची नोंद वेधशाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. २०२३ पासून विभागानं तापमान आणि आर्द्रता यांची सांगड घालणारा उष्णता निर्देशांकही प्रायोगिक तत्त्वावर द्यायला सुरुवात केली. वाचकांपर्यंत मात्र अजून एकटा कमाल तापमानाचाच आकडा पोहोचतो. मराठी वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी उन्हाळ्याचे चार महिने प्रत्येक शहराच्या कमाल तापमानाशेजारी ओल्या फुग्याचं तापमानही रोज द्यावं. अकोला ४३ आणि २३, मुंबई ३४ आणि २९, असे दोन आकडे शेजारी शेजारी छापायला अर्धी ओळ पुरते.